खडीखालचा प्लॅस्टिक कागद: वर वाळू की जिओटेक्स्टाइल?

मेव्हण्याने घरामागे सांडपाणी गाळायला कर्दळीचा वाफा खणलाय. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळाशी अंथरायला 500 मायक्रॉनचा (अर्धा मिमी जाड) प्लॅस्टिक कागद आणलाय, वर 20 मिमी खडी पडणार. "दाजी, मध्ये वाळू पसरू की ते जिओटेक्स्टाइल, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं जाड कापड?"

काहीही कर, पण खडी थेट कागदावर टाकू नकोस. आपली क्रशरची खडी बेसॉल्टची, कडा धारदार. एक खडा कागदावर अंगठ्याने दाबून बघ, ओरखडा लगेच दिसेल. त्यावर घमेलं घेऊन माणूस चालला की भोक पडलंच. खडी भरल्यावर ते सापडत नाही.

खर्चात वाळू वरवर स्वस्त वाटते. पण 10 सेंमी थराला एक ब्रास (100 घनफूट) जेमतेम 28 चौरस मीटरला पुरतो. शिवाय वाहतूक आणि चाळणी. न चाळलेल्या वाळूत गोटे निघतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

खरा फरक उतारावर. तिथे वाळू घसरून तळाशी जमते आणि कडा उघड्या पडतात. कापड काठावरच्या चरात गाडलं की जागचं हलत नाही. शिवाय सुटी वाळू खडीच्या पोकळीत शिरून पाण्याची वाट अडवू शकते. कापड मात्र सुईने गुंफलेलं, न विणलेलं, जाडसर घे. 300 ते 500 जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं. उन्हात उघडं ठेवू नकोस, कमजोर होतं.

तळ सपाट, बारीक चाळलेली वाळू जवळच मिळते आणि मजूर घरचे असतील, तर वाळू चालेल. तुझ्या वाफ्याला उतरत्या कडा आहेत, तू कापडच घे.