तळ्याच्या बीचवरचे हंस: दोरी, फवारा, लेझर आणि नकली कायोटी यांपैकी काय घ्यावं?

अमेरिकेत तळ्याकाठच्या बीचवर कॅनडा गीज (मोठे जंगली पाणपक्षी, पुढे नुसतं ‘हंस’) उतरायला लागले की ते हाकलण्याची साधनं विकणारे पुढे येतात. अशा प्रत्येक साधनाला एकच निकष लावायला हवा: पाण्यातले ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, कमी झाले का? हंस वाळूवरून उठून शेजारच्या उतारावर बसले आणि तिथली विष्ठा पावसाबरोबर तळ्यातच आली, तर पैसे वाया गेले.

या कसोटीवर सगळ्यांत सरस ठरतं ते सर्वांत स्वस्त साधन, दोरीचं कुंपण. जून-जुलैच्या सुमारास हंसांची पिसं झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हा पिल्लांना घेऊन ते पाण्यातून चालतच गवतावर चढतात. पाणी आणि गवत यांच्या मध्ये जमिनीपासून १५ आणि ३० सेंटीमीटरवर दोन दोऱ्या ताणल्या की वाट अडते. खुंट्या दीड-दोन मीटरवर हव्यात. अंतर वाढलं की दोरी सैल पडते आणि पिल्लं खालून निघतात, पाठोपाठ मोठे हंस रेटा देतात. टोकं उघडी ठेवली तर हंस वळसा घालून येतात, म्हणून दोन्ही बाजू आत वळवा. दोरी जाड आणि ठळक रंगाची घ्या. मासेमारीची नायलॉन तंगूस मुळीच नको, तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. पोहणारे अडखळू नयेत म्हणून दोरी संध्याकाळी बांधून सकाळी काढावी लागते, हा खरा त्रास. उडू शकणाऱ्या हंसांपुढे मात्र हे कुंपण दुबळं आहे.

मिथाइल अँथ्रानिलेटचा फवारा म्हणजे द्राक्षाच्या वासाचं, खाद्यपदार्थांतही वापरलं जाणारं रसायन. पक्ष्यांना ते झोंबतं, म्हणून ते तिथलं गवत खात नाहीत. पण हंस नुसते बसायला येत असतील तर फवारलेल्या गवतावरही निवांत बसतात, आणि वाळूवर तर खायलाच काही नसतं. गवत कापल्यावर फवारा, आधी नाही. नाहीतर औषध लागलेले शेंडेच कापून जातात. जोरदार पावसानंतर पुन्हा फवारणी आली. लांबलचक हिरवळ असेल तरच घ्या.

हिरवा लेझर पहाटे आणि तिन्हीसांजेला, पाण्यावर मुक्कामाला आलेल्या थव्यावर चालतो. भर उन्हात ठिपका दिसतच नाही. किरण विमानाकडे वळवणं हा गुन्हा आहे, म्हणून तो हाताळायला जबाबदार माणूस हवा. नकली कायोटीला, म्हणजे कोल्ह्यासारख्या शिकारी प्राण्याच्या पुतळ्याला, हंस काही दिवसांत सरावतात. रोज जागा बदलणार नसाल तर घेऊ नका.

आता तपासणी. कोलिलर्ट-१८ (नमुन्यात मिसळायची चाचणीची पावडर) आणि ९७ खणांचा क्वांटी-ट्रे (नमुना ओतायचा तबक) ही जोडी चांगली आहे: १०० मिलिलिटर नमुना, ३५ अंश सेल्सिअस, १८ तास. अतिनील दिव्याखाली चमकणारे पिवळे खण म्हणजे ई. कोलाय. त्यांच्या संख्येवरून तक्त्यातून आकडा मिळतो. अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) २०१२ च्या निकषांत गुणोत्तर मध्याची (अनेक नमुन्यांच्या एका प्रकारच्या सरासरीची) एक मर्यादा दर १०० मिलिलिटरला १२६ आहे. नमुना दरवेळी त्याच ठिकाणी, त्याच वेळी, गुडघाभर पाण्यात, तळाची वाळू न ढवळता घ्या आणि बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत न्या. सकाळी आकडा जास्त येतो, कारण उन्हाने जिवाणू मरतात. पावसानंतरचा आकडा कोरड्या दिवसाच्या आकड्याशी ताडून कुंपणाला यश किंवा अपयश देऊ नका. ओल्या वाळूतही जिवाणू टिकतात, म्हणून हंस गेल्यावर लगेच आकडा उतरेलच असं नाही. हा ट्रे जिवाणू हंसाचे की सांडपाण्याचे हे सांगत नाही. हंस नसतानाही आकडा चढाच राहिला तर आधी सेप्टिक टाक्या आणि पावसाच्या पाण्याचे नळ तपासा.

अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यामुळे परवान्याशिवाय पक्ष्यांना इजा करता येत नाही. घरट्यांना किंवा अंड्यांना हात लावायचा असेल तर आधी वन्यजीव खात्याकडे नोंदणी करावी लागते. नुसतं हुसकावायला सहसा परवाना लागत नाही.

साधन कोणतंही घ्या, गवतावरची विष्ठा फावड्याने उचलून पिशवीत भरा. नळीच्या पाण्याने धुतली तर ती तळ्यातच जाते.