माल त्यांचा आणि मापही त्यांचंच: वीज मॉनिटरच्या नावाखाली फसवणूक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास आमच्या अमळनेरच्या कॉलनीत दोन जण दारोदार फिरून एक जोडी विकून गेले. घरात किती वीज जळते ते दाखवणारा मॉनिटर आणि ती वीज कमी करणारा ‘सेव्हर’. दोन्ही मिळून साडेतीन हजार. गल्लीत बऱ्याच घरांनी घेतली, आमच्याही घरी आली. आता तशीच माणसं पारोळा आणि चोपड्याकडे फिरत असल्याचं नातेवाइकांकडून कळलं, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहितेय.

वेळ त्यांनी बरोबर साधली होती. होळी झाली की आपल्याकडे कूलर निघतात, ते पाऊस पडेपर्यंत बंद होत नाहीत. त्यात आखाजीला लेकी माहेरी आलेल्या, घर नातवंडांनी भरलेलं, बोअरची मोटर दिवसातून दोनदा चालू. त्या महिन्याच्या बिलाची धास्ती प्रत्येक घराला असते. दोघांच्या गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, आणि बोलणं असं की ही सरकारी योजनाच वाटावी. ‘आम्ही महावितरणचे’ असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

त्यांनी मेन स्विचजवळच्या फेजच्या वायरीला चिमट्यासारखा क्लॅम्प लावला, मॉनिटर भिंतीला टांगला आणि घरातला फक्त कूलर चालू ठेवायला सांगितला. स्क्रीनवर २५७ वॉट. सेव्हर सॉकेटमध्ये खोचला, आकडा २०६. काढला, परत २५७. शेजारचे आप्पा बघायला आले होते, ते म्हणाले, “दखा ना ताई, आकडा कसा उतरना!” विकणारा म्हणाला, “ताई, वीस टक्के इथंच वाचले. महिन्याला ३०० युनिटच्या खाली आलात की सगळीच वीज स्वस्त पडेल.” हे दुसरं वाक्यही खोटं होतं. जास्तीचा दर फक्त ३०० च्या वरच्या युनिटांना लागतो, खालच्या युनिटांचा दर त्यानं बदलत नाही.

आकडा उतरला तो हातचलाखीनं नाही, खरोखर उतरला. लबाडी होती ती त्या आकड्यापुढे ‘वॉट’ लिहिण्यात.

त्या क्लॅम्पला वायरीतून वाहणारा करंट तेवढा कळतो. व्होल्टेज तो मोजतच नाही. मॉनिटर व्होल्टेज २३० धरतो, करंटला त्यानं गुणतो आणि उत्तर वॉट म्हणून दाखवतो. इस्त्री किंवा गीझरला हे एक वेळ चालेल. पण कूलर, पंखा, पंप यांच्या मोटरी कामाच्या करंटखेरीज जास्तीचा करंट ओढतात आणि परत पाठवतात. तो वायरीतून जातो-येतो, पण त्याची वीज खर्च होत नाही आणि घरगुती मीटर तो युनिटमध्ये धरत नाही. आमच्या कूलरची खरी वीज १८० वॉटच होती. सेव्हरमधला कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग, या जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचा काही भाग घरातल्या घरात भागवतो, त्यामुळे क्लॅम्पला करंट कमी दिसतो. १८० मात्र १८० च राहतात. एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांना कपॅसिटर लावून बिलात फायदा होतो, कारण त्यांच्या बिलात हा करंटही मोजला जातो. तिथली खरी गोष्ट उचलून ही माणसं तुमच्याआमच्या घरात खोटी करून विकतात.

हे उघडं पडलं ते माझ्या भाच्यामुळे. तो आयटीआयला वायरमन आहे. नंदुरबारला लग्नाला निघताना आम्ही घरातलं सगळं बंद केलं, सेव्हर तेवढा सॉकेटमध्येच राहिला होता. मॉनिटरवर ८३ वॉट! घरात काहीही चालू नसताना. सेव्हर काढला की आकडा शून्यावर यायचा. म्हणजे वीज वाचवणाऱ्या डब्याचाच करंट हा मॉनिटर खर्च म्हणून मोजत होता. नुसता तो डबा महिनाभर लावून ठेवला तरी मॉनिटरवर जवळपास ६० युनिट चढतील, आणि त्यातलं जवळजवळ काहीच बिलात येणार नाही.

परत आल्यावर भाच्यानं बाहेरच्या महावितरणच्या मीटरसमोर उभं राहून खरी परीक्षा घेतली. ती कुणालाही जमते. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं, उत्तर वॉटमध्ये येतं. मीटर १६०० चा असेल तर २२५० ला भागायचं. फक्त कूलर चालू असताना दिवा १०० सेकंदांत १६ वेळा लुकलुकला, म्हणजे सव्वासहा सेकंदाला एकदा, म्हणजे १८० वॉट. सेव्हर लावला, तरी १६. काढला, तरी १६.

डबा उघडला तर आत एक लहान कपॅसिटर, दोन-चार किरकोळ पार्ट आणि हिरवा एलईडी.

फोन केला तेव्हा विकणाऱ्यानं दिलेलं उत्तर जास्त धोक्याचं आहे. म्हणाला, “मॉनिटरवर युनिट किती आलेत आणि बिलात किती आलेत बघा. बिलात कमी आहेत ना? तेवढी तुमची बचत!” गल्लीतल्या दोन-तीन घरांना हे पटलंही. पण मॉनिटर मुळातच फुगवून मोजत असेल तर बिल त्याच्यापेक्षा कमीच येणार. शिवाय संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर लागले की व्होल्टेज २०० पर्यंत पडतं आणि मॉनिटर २३० च धरून बसतो, म्हणजे साध्या बल्बलाही १५ टक्के जास्त दाखवतो. घरगुती मीटर वर्ग १.० किंवा त्याहून अचूक असावा असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांत आहे. म्हणजे त्यात चूक साधारण एका टक्क्याची. आमच्या मॉनिटरनं १८० च्या जागी २५७ दाखवले.

सगळे मॉनिटर वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. जो फेज आणि न्यूट्रल दोन्हींना जोडला जातो, व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी मोजतो आणि पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला किती भाग खरी वीज आहे तो आकडा) वेगळा दाखवतो, तो कामाचा. विकणाऱ्याला पॉवर फॅक्टर कुठे दिसतो एवढं विचारा आणि पैसे देण्याआधी त्याला तुमच्या मीटरच्या लाल दिव्यासमोर उभं करा. मीटरबद्दलच शंका असेल तर महावितरणकडे तपासणीचा अर्ज करता येतो, त्यांचा नंबर १९१२.

त्या फोननंतर वॉरंटी कार्डावरचा नंबर बंदच आहे. पक्कं बिल कुणालाच मिळालेलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ज्यांनी फोनवरून पैसे दिले त्यांनी त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात पैसे घेणाऱ्याचं नाव असतं. रोख दिलेल्यांनी कार्ड, मॉनिटर आणि डबा यांतलं काहीही भंगारात देऊ नका, तक्रारीला तोच पुरावा लागणार आहे.