‘हार्ट पॅकेज’मधली एचएस-सीआरपी: पैसे लावावे का?

तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर लिपिड, साखर, क्रिएटिनिनच्या जोडीला आता एचएस-सीआरपीही मिळते, म्हणजे सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे दाहाचं प्रथिन अगदी थोड्या प्रमाणातही मोजणारी, जास्त संवेदनशील (‘हाय सेन्सिटिव्हिटी’) रक्ततपासणी. तपासणी कामाची आहे, पण ‘हृदयाची सूज ओळखा’ म्हणून ती विकणं चूक. सीआरपी यकृतात तयार होते आणि अंगात कुठेही दाह असला की वाढते. तो दाह रक्तवाहिनीत आहे की दाढेत, हे आकडा सांगत नाही.

पैसे भरण्याआधी पावतीवर ‘एचएस’ ही अक्षरं आहेत का ते बघा. साधी सीआरपी स्वस्त पडते, पण ती जंतुसंसर्गासाठी. काचपट्टीवरच्या लॅटेक्स चाचणीत तर ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खालचं काही दिसतच नाही, आणि हृदयाचा सगळा हिशेब त्याच्याही खालचा: १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. एककही तपासा. काही लॅब प्रति डेसिलिटर लिहितात, तिथला ०.४ म्हणजे इथला ४. ०.४ पाहून निर्धास्त झालेला माणूस खरं तर जास्त धोक्याच्या रांगेत असतो.

नमुन्याच्या बाबतीत ही तपासणी दणकट आहे. उपाशीपोटाची अट लिपिड-साखरेसाठी, हिच्यासाठी नाही. रक्त अर्धा तास गोठू देऊन, सेंट्रिफ्यूज करून वेगळं केलेलं सीरम थंड डब्यात नागपूरला गेलं तर सीआरपीला काही होत नाही. बिघडते ती सोबतची साखर. सीरम वेगळं न करता नळी तशीच ठेवली की पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात, मे महिन्याच्या उन्हात त्याहून जास्त. साखरेला राखाडी झाकणाची (साखर खाणं रोखणारं द्रव्य असलेली) नळी वापरतात का, एवढं विचारलं तरी सेंटर कसं आहे ते कळतं.

आपल्याकडे खरा घोळ हंगामाचा. रोवणीत पायाला चिखल्या, पऱ्हाटी वेचताना बोटांना पिकलेल्या जखमा, पावसाळ्यातला ताप, खर्ऱ्यानं सडलेल्या हिरड्या: यातलं काहीही आकडा फुगवतं. १० च्या वर आला तर तो हृदयाच्या खात्यात धरूच नका. आधी संसर्ग शोधा, बरं झाल्यावर पुन्हा करा. एरवीही दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करून सरासरी घ्यायची असते. पॅकेजमध्ये एकदाच मिळते, ही त्याची मोठी उणीव.

आकड्यामागचं संशोधन मात्र भक्कम आहे. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ जण होते, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त. रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) २० मिलिग्रॅमनं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. पण त्यात कोलेस्टेरॉलही उतरलं होतं, म्हणून श्रेय कोणाचं हा वाद राहिला. तो २०१७ च्या कँटोस चाचणीनं बऱ्यापैकी मिटवला: कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी इंजेक्शननं एलडीएल न हलवता फक्त दाह कमी केला आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेला घटना १५ टक्के घटल्या. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. उलट मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या दाहविरोधी औषधाच्या चाचणीत सीआरपीही उतरली नाही आणि फायदाही झाला नाही.

राहिली कोल्चिसिन, गाउटची जुनी गोळी. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत ०.५ मिलिग्रॅमनं घटना २३ टक्के घटल्या, २०२४ च्या क्लिअर सिनर्जीत फायदा दिसला नाही. तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन मेडिकलवाल्याकडे ही गोळी मागू नये. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ती विषासारखी चढते. आणि धुऱ्यावर उगवणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असतं, मात्रेचा काही नेम नसलेलं. त्याच्या वाटेला तर जाऊच नका.

आमच्या मते ही तपासणी घ्यावी ती बीपी, साखर, लिपिड पाहूनही स्टॅटिन सुरू करावं की नाही अशा काठावर असलेल्यानं, आणि तीही हंगाम संपल्यावर. सिकलसेल किंवा संधिवात असलेल्यांचा आकडा त्या आजारानंच वर राहतो, त्यांनी ती पॅकेजमधून वगळायला सांगावी. छातीत आत्ता दुखत असेल तर या तपासणीचा उपयोग शून्य. तिथं ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) लागतं.