इमारत काय म्हणते आणि आपण तिच्या तोंडी काय घालतो : एका व्याख्यानमालेचे परीक्षण

सार्वजनिक इमारतींच्या वास्तुरचनेतील प्रतीके आणि त्यांत दडलेले अर्थ या विषयावरची दहा भागांची दृक्‌श्राव्य व्याख्यानमाला मी नुकतीच पूर्ण केली. प्रत्येक भाग साधारण पाऊण तासाचा असून एक वास्तुविशारद आणि इतिहासाच्या एक अभ्यासक आलटून पालटून बोलतात. ‘दडलेले अर्थ’ हे शब्द जाहिरातीत वाचले तेव्हा मी काहीसा साशंक होतो. या नावाखाली गुप्त मंडळे, रस्त्यांच्या नकाशांत लपलेले पंचकोन आणि आकाशातून दिसणारी चिन्हे असाच माल बहुतेक वेळा खपवला जातो. ती भीती पहिल्या दोन भागांत बव्हंशी फिटली. पुढे एका भागात मात्र ती खरी ठरली, त्याबद्दल नंतर लिहितो.

मालेचा सर्वांत उत्तम भाग वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या अमेरिकी संसदेच्या इमारतीवरचा आहे आणि केवळ त्या एका भागासाठीही ही माला घ्यावी, असे माझे मत आहे. घुमटाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डोक्यावर गरुडाचे मुख आणि पिसे असलेले शिरस्त्राण आहे. पाहणाऱ्याला ते अमेरिकी भूमीचे चिन्ह वाटते आणि तेवढ्यावर त्याचे समाधान होते. वक्त्या मात्र तिथे न थांबता मूळ आराखड्याकडे जातात. शिल्पकार टॉमस क्रॉफर्ड यांनी या देवतेच्या डोक्यावर आधी प्राचीन रोममधील मुक्त झालेल्या गुलामांची टोपी कल्पिली होती. त्या वेळी युद्धमंत्री या नात्याने कॅपिटॉलच्या बांधकामावर देखरेख करणारे जेफर्सन डेव्हिस यांनी तिला हरकत घेतली. जन्मतः स्वतंत्र असलेल्या लोकांना मुक्त गुलामांचे चिन्ह शोभत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हेच डेव्हिस 1861 मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष झाले. क्रॉफर्ड यांनी टोपी काढली आणि शिरस्त्राण आले. याचा अर्थ असा की, पुतळ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट पुतळ्यावर दिसतच नाही. ती पत्रव्यवहारात सापडते.

त्यापुढची हकिकत तर याहून विलक्षण आहे. ओतकामासाठी पुतळ्याच्या प्लास्टरच्या साच्याचे भाग सुटे करण्याची युक्ती ज्यांनी काढली, ते फिलिप रीड स्वतः ओतशाळेच्या मालकाचे गुलाम होते. एप्रिल 1862 मध्ये राजधानीपुरती गुलामगिरी कायद्याने संपली आणि 2 डिसेंबर 1863 रोजी पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला, तेव्हा रीड मुक्त नागरिक होते. हा तपशील सांगताना वक्त्या आवाज चढवत नाहीत किंवा पार्श्वसंगीताचा आधार घेत नाहीत. तारखा एकापुढे एक ठेवतात आणि थांबतात. निवेदनाचा हा संयम मला फार आवडला.

याच भागात इमारतीच्या आतील स्तंभशीर्षांची, म्हणजे खांबांच्या नक्षीदार माथ्यांची, ओझरती ओळख आहे. ग्रीक पद्धतीच्या अकँथस या झुडपाच्या पानांऐवजी वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी 1809 च्या सुमारास मक्याची कणसे कोरवून घेतली आणि पुढे 1814 च्या आगीनंतर दुसऱ्या एका दालनात तंबाखूची पाने आणली. मोठमोठ्या बांधकामांपेक्षा या कणसांचेच प्रतिनिधींनी अधिक कौतुक केले, असे लॅट्रोब यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या त्या तक्रारवजा वाक्यातला सूर कोणत्याही वास्तुविशारदाला ओळखीचा वाटेल.

बर्लिनच्या राईशस्टाग या जर्मन संसदेच्या इमारतीवरचा भागही याच तोडीचा आहे. पॉल वालोट यांची ही इमारत 1894 मध्ये पूर्ण झाली, परंतु दर्शनी भागावरची ‘जर्मन जनतेला’ अर्पण करणारी अक्षरे बसायला 1916 साल उजाडले. सम्राटाला ती भाषा रुचत नव्हती आणि महायुद्ध सुरू असताना जनतेला चुचकारणे आवश्यक झाले, तेव्हा ती एकदाची लागली. 1999 मध्ये नॉर्मन फॉस्टर यांच्या काचेच्या घुमटातून नागरिक प्रतिनिधींच्या डोक्यावरून चालू लागले आणि सत्ता कोणाच्या वर व कोणाच्या खाली, याचा अर्थ वर चढता चढता कळू लागला. त्यानंतर एका अंतर्गत चौकात हान्स हाके यांनी मातीच्या वाफ्यात ‘लोकसंख्येला’ अशी नवी अक्षरे मांडली. ‘जनता’ या शब्दातून कोण वगळले जाते, असा त्यामागचा प्रश्न होता आणि त्या कलाकृतीला संसदेने 2000 मध्ये अवघ्या दोन मतांच्या फरकाने मान्यता दिली. एकाच इमारतीवर दोन अक्षरपंक्ती वाद घालत उभ्या आहेत, हे निरीक्षण वक्त्यांचे. सोव्हिएत सैनिकांनी भिंतींवर खरडलेला आणि मुद्दाम जपलेला मजकूर त्यात तिसरा पक्ष ठरतो, ही माझी पुस्ती.

आता तक्रारीकडे वळतो. दिल्लीच्या जुन्या संसद भवनावरचा भाग पाहताना, इतका वेळ दस्तऐवज मागणारी हीच मंडळी आहेत का, असा प्रश्न पडला. मध्य प्रदेशातील मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर वर्तुळाकार, संसद भवनही वर्तुळाकार आणि दोहोंना खांबांची ओळ. एवढ्या साम्यावर विसंबून मंदिर हीच संसदेची प्रेरणा, असे वास्तुविशारद महाशय ठामपणे सांगून टाकतात. या दाव्याला आकाशातून घेतलेल्या दोन छायाचित्रांपलीकडे कोणताही आधार त्यांनी दिलेला नाही. वास्तविक या इमारतीचा आकार कसा ठरला, याची कथा अधिक रंजक आहे. नव्या राजधानीच्या मूळ योजनेत अशी स्वतंत्र इमारत नव्हती. 1919 च्या सुधारणांनंतर विधिमंडळ मोठे झाले आणि तिची गरज पडली. हर्बर्ट बेकर यांनी त्रिकोणी आराखडा मांडला, एडविन लुटियन्स यांनी वर्तुळाचा आग्रह धरला आणि वर्तुळ जिंकले. जानेवारी 1927 मध्ये उद्घाटन झालेल्या या 144 खांबांच्या वर्तुळात दोन वास्तुविशारदांची चुरस दडलेली आहे. जुना त्रिकोण हरला आणि 2023 मध्ये शेजारी त्रिकोणीच संसद उभी राहिली, हा योगायोगही व्याख्यात्याच्या हातून निसटला.

आकारातून अर्थ काढणे नेहमीच चूक असते, असे मला म्हणायचे नाही. गणेश देवळालीकर यांनी रचलेली आणि 1958 मध्ये वापरात आलेली सर्वोच्च न्यायालयाची इमारत तराजूची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून बांधली आहे आणि न्यायालय स्वतः तसे सांगते. येथे अर्थ जाहीर केलेला आहे. जाहीर केलेला अर्थ, कागदपत्रांतून सिद्ध होणारा अर्थ आणि नंतर लोकांनी चिकटवलेला अर्थ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, एवढीच माझी अपेक्षा आहे. लोकांनी चिकटवलेला अर्थही अभ्यासण्याजोगा असतो. मात्र तो कोणी आणि का चिकटवला, ते सांगावे लागते. मुंबई उच्च न्यायालयातील, एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेल्या माकडाचे शिल्प दाखवताना खटला हरलेल्या ठेकेदाराने उगवलेल्या सुडाची कथा सांगितली आहे, पण ती आख्यायिका म्हणून सांगितली आहे. तोच विवेक दिल्लीच्या भागात दाखवायला हवा होता.

न्यायदेवतेच्या डोळ्यांवरील पट्टीची चर्चा याच अनुषंगाने येते आणि ती समाधानकारक आहे. 1494 मध्ये बाझल येथे छापलेल्या एका काष्ठचित्रात विदूषक न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना दिसतो; म्हणजे ही पट्टी आरंभी टिंगल होती आणि निःपक्षपातीपणाचा मान तिला पुढे मिळाला. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाच्या 1907 च्या इमारतीवरील न्यायदेवता तर उघड्या डोळ्यांची आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात 2024 मध्ये बसवलेल्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत आणि हातात तलवारीऐवजी संविधान आहे, या बदलाची नोंदही मालेने घेतली आहे.

लंडनच्या संसदेवरचा भाग मला अपुरा वाटला. कनिष्ठ सभागृहात सदस्य 650 आणि आसने 427, ही कमी आसनांची रचना 1941 च्या बॉम्बहल्ल्यानंतर चर्चिल यांनी आग्रहाने टिकवून घेतली. सभागृह अर्धे रिकामे दिसू नये आणि समोरासमोर बसून वाद घालता यावा, हा त्यामागचा हेतू होता. प्रतीकांवर बोलताना आसनव्यवस्थेसारखी गोष्ट सहसा सुटते, म्हणून ती येथे आली याचा आनंद झाला. पण तिला जेमतेम पाच मिनिटे मिळतात आणि उरलेला वेळ गालिच्यावरच्या दोन लाल रेषांमधले अंतर दोन तलवारींच्या लांबीएवढे आहे, या जुन्याच गोष्टीत जातो.

तांत्रिक बाजूबद्दल थोडेसे. चित्रे स्वच्छ आहेत, आवाजात कुठेही दोष नाही, मात्र चित्रांखाली साल आणि शिल्पकाराचे नाव देण्याची पद्धत सर्व भागांत सारखी पाळलेली नाही. ‘स्तंभशीर्ष’ हा शब्द एका भागात आणि ‘खांबाचा माथा’ दुसऱ्या भागात आल्याने नवख्या श्रोत्याचा गोंधळ होऊ शकतो. सोबतची पुस्तिका निव्वळ व्याख्यानांचा गोषवारा आहे. मूळ आराखड्यांची चित्रे तिच्यात असती, तर ती जपून ठेवावीशी वाटली असती.

कॅनबेराच्या संसदेवरील शेवटच्या भागाची दुरुस्ती मात्र तातडीने व्हावी. 1988 मध्ये उघडलेली ही इमारत टेकडीत रोवलेली असून लोकप्रतिनिधींच्या माथ्यावरील हिरवळीवरून कोणीही चालत जावे, अशी तिची मूळ कल्पना आहे. वक्ते ती कल्पना भारावून सांगतात, मुले त्या उतारावरून गडगडत खाली येत असल्याची जुनी चित्रफीत दाखवतात आणि भाग संपवतात. सुरक्षेच्या कारणाने 2017 मध्ये त्या हिरव्या उतारांवर कुंपण उभे राहिले, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.