पाचवीतच आठवीचं गणित, की पाचवीचंच खोलात?

साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या सहावी प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे. मग पाचवीतल्या पोराला बीजगणिताच्या क्लासला घालायची घाई होते. पण पेपरात भर असतो अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा यांवर.

पुढचं शिकलेलं मूल समीकरणं झटपट सोडवतं, आईबाप खूश. त्यालाच तीन भागिले अर्धा विचारा. 'उलटं करून गुणायचं' म्हणत सहा सांगेल. का, विचारलं की गप्प. तीन भाकरींचे अर्धे तुकडे ज्यानं मोजलेत, त्याला नियम घोकावा लागत नाही. मला हाच रस्ता पटतो.

मात्र वर्गातली गणितं संपवून स्वतःहून पुढचं पुस्तक मागणाऱ्याला अडवू नका. त्याला वर्गात नुसतं बसवून ठेवणं अन्यायच. फक्त अपूर्णांक पक्के आहेत ना, ते आधी बघा.