'न वापरलेला जुना स्टॉक' म्हणून गळ्यात मारलेली कार्ब्युरेटरची जोडी

मोटो गुझी ८५० ले मान्ससाठी, किंवा त्या काळातल्या कुठल्याही दोन सिलिंडरच्या इटालियन मोटरसायकलसाठी डेलॉर्टो या इटालियन कंपनीचे कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग) शोधत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला 'न वापरलेला जुना स्टॉक' म्हणून जी जोडी विकली गेली, ती मुळात जोडीच नव्हती. न वापरलेली तर अजिबातच नव्हती.

ले मान्स १९७६ मध्ये विक्रीला आली. ८४४ सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर डोकावणारे आणि प्रत्येकाला स्वतःचा डेलॉर्टो पीएचएफ ३६, ॲक्सिलरेटर पंपवाला (थ्रॉटल झटकन उघडला की जास्तीचं पेट्रोल आत मारणारा छोटा पंप). या कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलबरोबर स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा-झाकणारा दट्ट्या, वर-खाली सरकते आणि वर्षानुवर्षं सरकून स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजतात. आयडलिंगला स्लाइडचा खडखडाट कानाला ऐकू येतो, तिच्या कडेने हवा आत शिरते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी गाडी एका लयीत उभी राहत नाही. दुरुस्तीचं किट टाकून हे जात नाही. किटमध्ये वॉशर, गॅस्केट, निडल येतात, झिजलेली बॉडी काही परत भरून येत नाही. त्यामुळे जोडी बदलायचं ठरवलं. तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: मूळ इटालियन, कधीही न बसवलेली, उजवा-डावा जुळवलेला, जेटिंग (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटची मापं) ले मान्सप्रमाणे. विक्रेता गाडीबद्दल नीट बोलत होता, शिक्क्यांचे फोटो लगेच पाठवले. शिक्के खरेच होते. उजव्या बॉडीच्या शिक्क्यात शेवटी डी, डाव्याच्या शिक्क्यात एस (इटालियनमधल्या उजव्या-डाव्याची आद्याक्षरं). पण शिक्का फक्त आकार आणि बाजू सांगतो, त्या बॉडीचं आयुष्य सांगत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

पार्सल उघडल्यावर दोन्ही बॉडी एकसारख्या फिक्या, मऊ चकाकीच्या होत्या. या चकाकीकडे लक्ष द्या. ही बीड ब्लास्टिंगची खूण आहे, म्हणजे काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून जुनी बॉडी साफ केलेली. कारखान्यातून आलेल्या कास्टिंगवर आणि मशिन केलेल्या कडांवर फरक दिसतो. ब्लास्टिंग केलेल्यावर सगळं सारखंच मॅट होतं, स्क्रूच्या भोकांच्या कडासुद्धा.

गाडीला बसवल्यावर लक्षणं विचित्र होती. उजवा सिलिंडर आयडलिंगला मिसिंग करत होता, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. थ्रॉटल झटकन उघडला की क्षणभर इंजिन गप्प, मग एकदम पिकअप. डाव्या बाजूला उलट: प्लग काळाकुट्ट, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत. उजवा प्लग पांढरा. दोन बाजूंची दोन टोकं असली, तर व्हॅक्यूम गेज लावून कार्ब्युरेटर कितीही सिंक्रोनाइझ करा, म्हणजे दोन्ही सारखे ओढतील असे जुळवा, उपयोग नाही.

मेकॅनिकने दोन्ही कार्ब्युरेटर काढून सुटे केले तेव्हा सगळं उघड झालं. मला सगळ्यात जास्त राग आला तो उजव्याच्या आतल्या गोष्टीचा. आयडल सर्किटच्या अरुंद वाटेत आणि पंपाच्या नोझलमध्ये ब्लास्टिंगचे काचेचे मणी अडकले होते. बॉडी पूर्ण सुटी न करता, वाटा न बुजवता मारा केलेला. म्हणून तिथे पेट्रोल कमी येत होतं आणि पंपाची पिचकारी उडतच नव्हती. पण जे मणी अडकले नव्हते, ते कुठे गेले असतील? इंजिनात. पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये काच म्हणजे काय, हे गाडी उघडलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. चमकदार फोटोसाठी एखाद्याच्या इंजिनाशी असा खेळ करणं ही माझ्या लेखी नुसती लबाडी नाही.

डाव्याचा प्रकार वेगळा. डेलॉर्टोच्या फ्लोटवर, म्हणजे बाऊलमधल्या (कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीतल्या) तरंगत्या भागावर, त्याचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. दोन्ही फ्लोटवर आकडे वेगळे निघाले, डाव्याचा जड. जड फ्लोट तरंगायला पेट्रोलमध्ये जास्त बुडावा लागतो, म्हणून बाऊलमधली पातळी वर राहते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. स्लाइडच्या निडलही दोन्हींत वेगळ्या. म्हणजे दोन वेगवेगळ्या गाड्यांवरून उतरवलेले दोन कार्ब्युरेटर एकत्र करून 'जुळवलेली जोडी' बनवली होती. स्लाइडवर उभ्या रेघा होत्याच.

आणि जेट. डेलॉर्टोच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२५ म्हणजे १.२५ मिमी. आमच्या डाव्या जेटवर छापलेल्या आकड्यापेक्षा जाड पिन गेज (भोक मोजायची ठरावीक जाडीची सळई) आरामात आरपार गेली. कुणीतरी हाताने ड्रिल मारला होता, भिंगाखाली कडा खरबरीत दिसत होत्या. (मिकुनी या जपानी कंपनीच्या जेटवरचे आकडे याच हिशेबाने वाचू नका, सगळे कारखाने एकाच पद्धतीने मोजत नाहीत.)

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: 'ट्यूनिंग येत नसेल तुमच्या मेकॅनिकला.' फोटो पाठवल्यावर दुसरं: 'तुम्ही उघडलेत, आता परत घेणार नाही.' न उघडता काचेचे मणी कसे दिसणार, यावर उत्तर नाही. मग इमेज सर्च करून पाहिलं, तर जाहिरातीतले मुख्य फोटो त्याचे नव्हतेच, दुसऱ्या कुणाच्या जुन्या जाहिरातीतून उचललेले. शिक्क्यांचे फोटो तेवढे खरे.

म्हणून फोटो मागताना बाहेरचे मागू नका. बाऊल काढून फ्लोटवरचे आकडे, बाहेर काढलेल्या स्लाइडच्या दोन्ही बाजू, निडल आणि जेटवरचे शिक्के, बॉडीच्या आत टॉर्च मारून काढलेला फोटो, आणि हे सगळं शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. खरा विकणारा कुरकुर करेल, पण पाठवेल. 'सील तोडणार नाही' म्हणणाऱ्याला विचारा, डेलॉर्टोच्या बाऊलला कसलं सील असतं? पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. आणि बसवण्याआधी, नवे असले तरी, पूर्ण सुटे करून प्रत्येक वाट कार्ब क्लीनर आणि हवेने मोकळी करा, पलीकडून धार येते का डोळ्यांनी बघा.

पैशांसाठी तक्रार केली आहे, ती अजून चालू आहे. दरम्यान तोच माणूस त्याच फोटोंवर पीएचएम ४० ची, म्हणजे डेलॉर्टोच्याच मोठ्या कार्ब्युरेटरची, 'न वापरलेली' जोडी विकतोय. फोटोत दिसतात ते मात्र ३६ च आहेत.