गोअ‍ॅक्सेस: लॉगमध्ये असेल तेवढे नेमके सांगणारे साधन
एका लहान प्रकाशनसंस्थेच्या संकेतस्थळाचा सर्व्हर मी सांभाळतो. रात्री साडेनऊच्या सुमारास तेथील पुस्तकांचा शोध रखडू लागला, तेव्हा होस्टिंगच्या डॅशबोर्डवर सीपीयूचा आलेख चढलेला दिसे. पण तो कोणामुळे चढला, याचा पत्ता लागत नसे. त्या निमित्ताने गोअ‍ॅक्सेस वापरायला घेतले.

गेरार्डो ओरेयाना यांनी सी भाषेत लिहिलेले हे मुक्त साधन २०१० पासून उपलब्ध आहे. संकेतस्थळाच्या पानांत काहीही न घालता, सर्व्हरने आधीच लिहून ठेवलेला अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, वाचून ते टर्मिनलमध्येच तक्ते मांडते, त्यामुळे जावास्क्रिप्ट न चालवणारे बॉटही (आपोआप पाने मागवणारे प्रोग्रॅम) त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. पहिल्याच रात्री होस्टच्या, म्हणजे भेट देणाऱ्या पत्त्यांच्या, तक्त्यात एकच आयपी पत्ता सर्वांत वर दिसला आणि लॉगमध्ये त्याच्या ओळी पाहिल्या, तर साऱ्या विनंत्या शोधाच्या पानावर, दर वेळी निराळा शब्द घेऊन आलेल्या. तो पत्ता अडवला आणि शोध पूर्ववत झाला.

कामगिरी मोजायची असेल, तर मात्र थोडी पूर्वतयारी लागते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या ‘कम्बाइन्ड’ लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळ नोंदला जात नाही. तो लॉगच्या रचनेत आपण घालावा लागतो आणि तीच रचना गोअ‍ॅक्सेसलाही सांगावी लागते. मग प्रत्येक पानासमोर सरासरी, एकूण आणि कमाल वेळ दिसतो. यांपैकी एकूण वेळेचा रकाना मला सर्वांत उपयोगी वाटतो: ‘एस’ दाबून त्यानुसार क्रम लावला, तर एखाद्या वेळीच उघडले जाणारे जड पान मागे पडते आणि दिवसभर सर्व्हरला थोडे थोडे कुरतडणारे पान वर येते. सरासरीवर मी फारसा विसंबत नाही. शिवाय एन्जिनएक्सच्या त्या वेळेत उत्तर वाचकापर्यंत पोहोचवण्याचा काळही धरलेला असतो, त्यामुळे संथ मोबाइल नेटवर्कवरील वाचकाचा दोष पानाच्या माथी येऊ शकतो.

‘युनिक व्हिजिटर’चा आकडाही जपून वाचावा. एकाच दिवशी तोच आयपी आणि तोच ब्राउझर असला, की गोअ‍ॅक्सेस एकच पाहुणा धरते. एका महाविद्यालयाच्या वायफायवरून तेच ब्राउझर वापरणारे दहा विद्यार्थी आले, तरी तो एकच.

एचटीएमएल अहवाल देखणा आहे आणि तो क्षणोक्षणी बदलता ठेवता येतो. त्यासाठी ७८९० क्रमांकाचे पोर्ट लागते, ते फायरवॉलमध्ये उघडायचे राहिल्याने माझा एक तास वाया गेला. अहवालात वाचकांचे आयपी पत्ते असल्यामुळे त्याला पासवर्ड लावणे मात्र आवश्यक आहे.

सर्व्हर बंद पडल्यास गोअ‍ॅक्सेस कोणालाही उठवत नाही. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावरून दर पाच मिनिटांनी मुखपृष्ठ मागवून पाहणारी लहानशी स्क्रिप्ट मी वेगळी ठेवली आहे.